घरातील चित्राचे मूल्य लिलावगृहाकडून काढून घेताना

जुन्या घराचा पुनर्विकास निघाला, भावंडांत वाटणी ठरली किंवा वडीलधाऱ्यांच्या पश्चात सामान आवरायची वेळ आली, की भिंतीवरच्या एखाद्या चित्राचा प्रश्न पुढे येतो. ते ‘मोठ्या चित्रकाराचे’ असल्याचे घरात सगळे ऐकत आलेले असतात, पण त्याची किंमत किती हे खात्रीने सांगणारे कोणी नसते. अशा वेळी लिलावगृहाकडे जाणे हा सामान्य कुटुंबासाठी सर्वांत खुला मार्ग आहे, असे माझे मत आहे. मुंबईतच सॅफ्रनआर्ट, पंडोल्स आणि अस्तागुरू ही लिलावगृहे आधुनिक भारतीय चित्रांचे लिलाव करतात. क्रिस्टीज, सदबीज व बोनहॅम्स या परदेशी लिलावगृहांतही दक्षिण आशियाई कला पाहणारे तज्ज्ञ असतात. त्यांना चित्र दाखवण्यासाठी कोणाची ओळख काढावी लागत नाही. मात्र तज्ज्ञ किती जाणकार आहे यावर मूल्यांकनाचा नेमकेपणा जितका अवलंबून असतो, तितकाच तो आपण त्याच्यापुढे काय मांडतो यावरही अवलंबून असतो. मोबाइलवर घाईत काढलेला एक फोटो आणि ‘याचे किती येतील?’ एवढाच प्रश्न पाठवला, तर उत्तरही मोघमच येते.

मूल्य कशासाठी हवे, ते आधी ठरवा

एकाच चित्राच्या एकाच दिवशी दोन-तीन वेगवेगळ्या किमती निघू शकतात आणि त्या सगळ्या बरोबर असू शकतात. लिलावगृह विनामूल्य देते तो बहुधा लिलावाचा अंदाज असतो, म्हणजे हे चित्र आमच्या लिलावात आले तर साधारण या दोन आकड्यांच्या दरम्यान बोली थांबेल, असे मत. विम्यासाठी लागणारे मूल्य बहुतेक वेळा याहून जास्त असते, कारण चित्र नष्ट झाले किंवा चोरीला गेले तर तशाच दर्जाचे दुसरे चित्र बाजारातून विकत घ्यायला किती लागेल, हे त्यात पाहिले जाते. वाटणीसाठी किंवा मृत्युपत्राच्या कामासाठी एका ठरावीक तारखेचे रास्त बाजारमूल्य लागते. या दोन्ही कामांसाठी सही-शिक्क्याचा लेखी अहवाल मागावा लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे असते. ते शुल्क किती व कशाच्या आधारावर, हे आधीच विचारून घ्यावे.

कराचा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो इथेच सांगतो. घरातील फर्निचर किंवा कपडे आयकराच्या दृष्टीने वैयक्तिक वापराच्या वस्तू ठरतात. चित्रे, रेखाटने आणि शिल्पे मात्र तशी ठरत नाहीत. ती भांडवली मालमत्ता असते आणि विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू होतो. वारशाने आलेल्या चित्राच्या बाबतीत पूर्वीच्या मालकाची खरेदी-किंमत धरली जाते, आणि चित्र १ एप्रिल २००१ पूर्वी कुटुंबात आलेले असेल तर त्या तारखेचे बाजारमूल्य धरण्याची मुभा आहे. आजोबांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात दोन-तीनशे रुपयांना घेतलेल्या चित्राच्या बाबतीत या मुभेमुळे कराच्या रकमेत फार मोठा फरक पडतो. परंतु त्यासाठी कलाकृतींच्या मूल्यांकनाची नोंदणी असलेल्या मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. लिलावगृहाने ईमेलवर कळवलेला आजचा अंदाज त्या जागी चालत नाही. चित्र विकायचा निर्णय होण्यापूर्वीच सनदी लेखापालाशी एकदा बोलून घेणे हिताचे आहे.

हातात आहे ते चित्र की छापील प्रत

महाराष्ट्रातील घरांतून सर्वाधिक वेळा पुढे येणारी वस्तू म्हणजे ‘राजा रविवर्म्याचे चित्र’. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि काही वर्षांतच श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय, शकुंतला अशा चित्रांच्या असंख्य रंगीत प्रती तिथून घरोघरी गेल्या. त्यांना तैलचित्राचा भास यावा म्हणून काहींवर वार्निश दिलेले असे, काहींच्या कागदावर कॅनव्हाससारखे उठाव दाबलेले असत आणि पुष्कळ घरांतल्या बायकांनी देवींच्या साड्यांवर जर व टिकल्या लावून त्या सजवल्या. शंभर वर्षांच्या धुरकटलेल्या काचेमागे अशी प्रत पाहिली की ती हाताने रंगवलेली आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

ओळखायची रीत अशी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि दिवसाच्या उजेडात चेहऱ्याचा गाल, म्हणजे जिथे रंग उजळ छटेतून गडद छटेत जातो तो भाग, पाहावा. शिळाछापात, म्हणजे दगडी ठशावरून छापलेल्या अशा प्रतीत, तिथे वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी आणि एकमेकांवर पडलेले दिसतात. हाताने रंगवलेल्या तैलचित्रात ठिपके नसतात. कुंचल्याच्या केसांनी ओढलेल्या रेघा, एका रंगाच्या थरातून डोकावणारा खालचा थर आणि दागिन्यांच्या जागी किंचित उंचावलेला रंग दिसतो. त्यानंतर खालची कड पाहावी. छापखान्याचे नाव आणि ‘कार्ला, लोणावळा’ असा मजकूर तळाच्या समासात असे, पण फ्रेम करताना तो समास बऱ्याचदा कापला गेला किंवा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, दबला. तो न दिसणे म्हणजे चित्र मूळ असल्याचा पुरावा नव्हे. प्रत निघाली तरी ती टाकाऊ ठरत नाही. सुस्थितीतील सुरुवातीच्या प्रती, विशेषतः हाताने सजवलेल्या, संग्राहक आवडीने घेतात आणि त्यांचे लिलावही होतात, फक्त त्यांची किंमत मूळ तैलचित्राच्या किमतीच्या जवळपासही नसते.

असाच दुसरा घोटाळा हातात निरांजन घेतलेल्या स्त्रीच्या चित्राचा होतो. ते रविवर्म्याचे म्हणून दाखवले जाते. प्रत्यक्षात ते सावळाराम हळदणकरांचे जलरंगातील चित्र आहे आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. घरातील ‘निरांजन’ ही त्याची छापील प्रत किंवा कोणा हौशी चित्रकाराने केलेली नक्कल असते. हुसेन यांच्या नावाच्या चित्रांबाबत खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला ‘४५/१००’ असा अपूर्णांक शोधावा. तो असेल तर ते शंभर प्रतींच्या मालिकेतील एक मुद्रण आहे. त्यावर हुसेन यांची खरी सही असू शकते आणि त्याला बाजारही आहे, पण मूल्यांकन मुद्रण म्हणूनच होईल.

चित्राची पाठ आणि घरातील कागद

पुढची बाजू सगळेच पाहतात. तज्ज्ञ मात्र चित्र हातात आल्यावर ते लवकरच पालथे करतो, आणि माझ्या मते मालकानेही घरी तेच आधी करावे. चित्र उशी किंवा जाड चादरीवर पालथे ठेवावे आणि जे दिसेल ते वाचावे. फ्रेम करणाऱ्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचे लेबल, खडूने किंवा पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, जुन्या पैशांतील किंमत, कॅनव्हास ताणलेल्या लाकडी पट्ट्यांवरचे शिक्के, या सगळ्यातून चित्राचा प्रवास कळतो. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून कार्यरत आहे. त्यांच्या प्रदर्शनाचे लेबल असेल तर त्या वर्षीच्या सूचीत चित्राचे नाव, माध्यम आणि किंमत शोधता येते. केमोल्ड या मुंबईतील कलादालनाचे नाव केकू गांधी यांच्या फ्रेमच्या व्यवसायातून पुढे आले आणि त्याची कलादालन म्हणून सुरुवात १९६३ ची. जहांगीर कलादालन १९५२ चे. म्हणजे चिठ्ठीवरील नाव आणि चित्रावरील साल यांचा मेळ बसतो का, हे तपासता येते. मात्र फ्रेम नंतरही बदललेली असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

सहीबद्दलही थोडे सविस्तर सांगायला हवे. चित्रकार ना. श्री. बेंद्रे बहुतेक चित्रांवर देवनागरीत सही करीत. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर पुढे काहीच नसते आणि पाठीमागे देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत सही आणि साल असते, असे पुष्कळदा आढळते. त्यामुळे पुढे सही नाही म्हणून निराश होऊ नये आणि पुढे ठळक सही आहे म्हणून हुरळूनही जाऊ नये. सही ही चित्रातील नक्कल करायला सर्वांत सोपी गोष्ट आहे. २००९ साली दिल्लीतील एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेलेल्या सय्यद हैदर रझा यांनाच, भिंतीवर आपल्या नावाने लावलेली बरीच चित्रे आपली नाहीत हे सांगावे लागले होते. रझा हयात होते म्हणून ते कळले. दिवंगत चित्रकाराच्या बाबतीत ती साक्ष कागदपत्रांना द्यावी लागते.

म्हणून घरातील कागद शोधायला वेळ द्या. खरेदीची पावती मिळाली तर उत्तमच, पण ती नसली तरी हाती बरेच लागू शकते. चित्रकाराने आजोबांना पाठवलेले पत्र, लग्नाच्या किंवा मुंजीच्या जुन्या फोटोत मागच्या भिंतीवर दिसणारे चित्र, दिवाळी अंकात छापून आलेली त्याची प्रतिमा, विम्याची जुनी यादी, वाटणीपत्रातील उल्लेख, हे सगळे मालकी-इतिहासाचे दुवे आहेत. १९५८ च्या फोटोत दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्र स्पष्ट दिसत असेल, तर ते अलीकडे कोणी बनवलेले नाही एवढे तरी निर्विवाद सिद्ध होते. चित्र घरात कधी, कोणामार्फत आणि कसे आले याची हकीकत घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून लिहून घ्यावी व त्याखाली तारीख आणि सही घ्यावी. काय प्रत्यक्ष पाहिले आणि काय ऐकले, हे त्यात वेगवेगळे लिहिलेले असावे. ऐकीव गोष्ट ठाम सत्य म्हणून सांगितली आणि ती चुकीची निघाली, तर तज्ज्ञाचा बाकीच्या माहितीवरचाही विश्वास उडतो.

साफसफाई करू नका, फोटो नीट काढा

चित्र दाखवायला नेण्यापूर्वी ते पुसून चकाचक करावे असे अनेकांना वाटते. कृपया तसे करू नये. ओले फडके, कापलेला बटाटा, पावाचा गर, खोबरेल तेल हे घरगुती उपाय जुन्या वार्निशचे आणि रंगाचे असे नुकसान करतात की ते भरून काढता येत नाही. जलरंगावर तर पाण्याचा एक थेंबही डाग पाडतो. कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या पावसाळी हवेत कागदावर तपकिरी ठिपके येतात, बुरशी धरते, आणि कागद काचेला चिकटलेला असतो. अशा वेळी काच ओढून काढली तर रंग काचेबरोबर निघून येतो. चित्र आहे त्या अवस्थेत दाखवावे. दुरुस्ती करायची की नाही, हे मूल्य कळल्यावर आणि तज्ज्ञाशी बोलून ठरवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र अशा सल्ल्यासाठी चांगले ठिकाण आहे. लॅमिनेशनचा विचार तर मनातही आणू नये.

प्राथमिक अंदाज बहुतेक वेळा फोटोंवरच दिला जातो. लिलावगृहांच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्ज असतो. चित्र भिंतीवरून उतरवून खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात उभे करावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर सरळ धरावा. काचेत प्रतिबिंब येत असेल तर समोर काळे कापड धरावे. पूर्ण चित्र, पूर्ण पाठ, सही, प्रत्येक लेबल, चारही कडा आणि जिथे जिथे फाटले, सोलले किंवा डाग पडले आहेत त्या जागा, असे वेगवेगळे फोटो हवेत. दोष लपवून काही साधत नाही. चित्र प्रत्यक्ष तपासताना अतिनील प्रकाशाखाली नंतर भरलेला रंग अनेकदा गडद डागासारखा उठून दिसतो आणि मग आधीचा अंदाज खाली येतो. मोजमाप फ्रेम वगळून, आधी उंची आणि मग रुंदी असे सेंटिमीटरमध्ये लिहावे. माध्यम खात्रीने माहीत नसेल तर ‘कागदावर, बहुधा जलरंग’ असे लिहिले तरी चालते.

कायद्याची दोन बंधने

पुरावस्तू व कला-संपदा अधिनियम, १९७२ हा कायदा इथे महत्त्वाचा आहे. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुने चित्र पुरावस्तू ठरते आणि त्याची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. लघुचित्रे, चित्रित पोथ्या किंवा पेशवाईतील कागद असलेल्यांना हे बहुधा माहीत असते. पण म. वि. धुरंधर किंवा आंतोनियो त्रिंदाद यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कामांनीही आता शंभरी ओलांडली आहे, आणि वर्षागणिक अशा चित्रांची संख्या वाढत आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. चित्रावर साल असेल तर ते आधी पाहावे. पुरावस्तू देशात विकता येते, मात्र हस्तांतराची माहिती द्यावी लागते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

दुसरे बंधन वयाचे नसून चित्रकाराचे आहे. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ टागोर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची कामे राष्ट्रीय कला-संपदा मानली जातात आणि भारतातून बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे मुंबईतील घरातले जामिनी रॉय लंडनच्या लिलावात कितीला गेले असते, हा हिशेब निरुपयोगी आहे. त्याचे मूल्य देशांतर्गत खरेदीदारांवरच ठरते. ते कमीच असते असेही नाही. २०२३ मध्ये शेरगिल यांचे १९३७ चे एक चित्र भारतातील लिलावात ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे तिथेच असलेल्या चित्रांना हे निर्यातबंधन लागू होत नाही. त्यांनी राहत्या देशातील लिलावगृहात विचारणा करावी.

आकडा हाती आल्यावर

तज्ज्ञ अंदाज काढतो तो मुख्यतः त्याच चित्रकाराच्या, त्याच काळातील, जवळपास त्याच आकाराच्या व माध्यमाच्या चित्रांना आधी मिळालेल्या किमतींवरून. नुसते नाव पुरत नाही. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची १९५० आणि १९६० च्या दशकांतील तैलचित्रे आणि उत्तरायुष्यातील कागदावरची कामे यांच्या किमतींत फार मोठे अंतर असते. अशा तुलनेसाठी कोणती विक्री धरली, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगला तज्ज्ञ ते सांगतो. लिलावांचे जुने निकाल लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात, पण तिथे छापलेल्या आकड्यात बहुधा खरेदीदाराने भरलेले जादा शुल्क मिळवलेले असते, अंदाजात मात्र ते नसते. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतील पहिल्या लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३.७ कोटींना गेले. त्याचा अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटींचा होता. ती झेप खरीच मोठी होती, पण तिच्यातही शुल्काचा वाटा आहेच.

उदाहरणादाखल हिशेब करू. हातोडा दहा लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढ्यावर थांबली, खरेदीदाराचे शुल्क वीस टक्के आणि विक्रेत्याचे कमिशन दहा टक्के असेल, तर खरेदीदार बारा लाख व त्यावरचे कर भरतो आणि तुमच्या हाती नऊ लाख येतात. त्यातूनही विमा, वाहतूक, छायाचित्रण, दुरुस्ती यांचा खर्च वजा होऊ शकतो. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि चित्र महत्त्वाचे असेल तर कमिशनवर बोलणीही होतात. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली चित्र विकायचे नाही ती रक्कम, सामान्यतः खालच्या अंदाजापर्यंतच ठेवता येते आणि ती गुप्त राहते. करारावर सही करण्यापूर्वी ही किंमत लेखी आहे ना, चित्र न विकले गेल्यास परत आणण्याचा खर्च कोणाचा, मधेच माघार घेतल्यास किती भरावे लागेल आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे शांतपणे वाचून घ्यावे. चित्र वारशाचे असेल तर सर्व वारसांची लेखी संमती लागते. एका भावाने परस्पर नेलेले चित्र लिलावाच्या आदल्या आठवड्यात मागे घ्यावे लागणे सर्वांनाच मनस्तापाचे होते.

सर्वांत चढा अंदाज देणाऱ्याकडे चित्र देण्याचा मोह टाळावा. दोन किंवा तीन ठिकाणी विचारावे, पण एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नये. अवाजवी अंदाज लावलेल्या चित्रावर बोलीच लागत नाही. न विकलेले चित्र म्हणून त्याची नोंद जुन्या सूचींत राहते, आणि पुढची काही वर्षे तेच चित्र पुन्हा बाजारात आणणे कठीण जाते. मला स्वतःला संयत अंदाज आणि त्यामागची कारणे नीट सांगणारा तज्ज्ञ अधिक भरवशाचा वाटतो.

चित्र प्रत्यक्ष ताब्यात देताना पावती घ्यावी. तिच्यावर चित्राचे वर्णन, मोजमाप, सध्याची अवस्था आणि ताब्यात असेपर्यंतच्या विम्याची रक्कम नमूद असावी. एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी की लिलावाचा अंदाज म्हणजे अस्सलपणाचे प्रमाणपत्र नव्हे. फोटोंवरून दिलेला आकडा प्रत्यक्ष तपासणीनंतर बदलू शकतो, आणि चित्रकाराच्या कामाचे जाणकार किंवा वारस यांनी शंका घेतल्यास लिलावगृह चित्र स्वीकारण्यास नकारही देऊ शकते.

नकार आला तर त्याचे कारण विचारावे, कारण नकारांतही फरक असतो. ‘आम्हाला हे खरे वाटत नाही’ हा एक नकार आणि ‘या चित्रकाराला लिलावात बाजार नाही’ हा अगदी वेगळा नकार. कोल्हापूर, सांगली, नागपूर किंवा गोव्यात आयुष्यभर उत्तम निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढलेल्या कितीतरी चित्रकारांची कामे आजवर लिलावात आलेलीच नाहीत, आणि तुलनेला आधीची विक्री नसल्यामुळे त्यांचा आकडा सांगता येत नाही. अशा चित्रासाठी त्या भागातील कलादालन, चित्रकाराच्या शिष्यपरिवारातील जाणकार किंवा स्थानिक संग्रहालय यांच्याकडे विचारावे. लिलावगृहासाठी जमवलेले फोटो, मोजमापे आणि घरातील ज्येष्ठांची लिहून घेतलेली हकीकत तिथेही जशीच्या तशी उपयोगी पडते.